रॅम्पवर शेवटी कोण येतो?

फॅशन हा शब्द उच्चारला की आपल्या चळवळीतला कार्यकर्ता तोंड फिरवतो. श्रीमंतांचे चोचले, रिकामटेकड्यांचा उद्योग, हा त्याचा शेरा ठरलेला असतो. घरातली तरुण मुलगी टीव्हीवर किंवा मोबाईलवर असा एखादा कार्यक्रम पाहत बसली की वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघड!" वाचकहो, या शेऱ्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीकडे लाखो तरुण डोळे लावून बसतात, तिच्याकडे पाठ फिरवून आपल्या हाती काय लागते? अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट रनवे' या फॅशन डिझाइनच्या स्पर्धेचे अंतिम भाग तर आपण मुद्दाम पाहावेत. तिथे कपड्यांच्या निमित्ताने तोच प्रश्न मांडला जातो, जो आपल्याला शाळेच्या प्रवेशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत रोज विचारला जातो. गुणवत्ता म्हणजे काय, आणि ती ठरवणार कोण?

समान पैसा, समान मुदत

हा कार्यक्रम डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या ब्राव्हो वाहिनीवर सुरू झाला. सूत्रसंचालक हायडी क्लम ही जर्मनीतून आलेली मॉडेल. स्पर्धकांना तेव्हा मार्गदर्शन करणारे टिम गन हे न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन महाविद्यालयातले त्या वेळचे अध्यापक. परीक्षकांत तेव्हा डिझायनर मायकल कोर्स आणि फॅशन मासिकाच्या संपादक वर्गातल्या नीना गार्सिया. दर आठवड्याला एक काम दिले जाते. कापडाच्या दुकानात जेमतेम अर्धा तास मिळतो. मग एक-दोन दिवसांत बेतायचे, कापायचे, शिवायचे, इस्त्री करायची आणि मॉडेलच्या अंगावर चढवून रॅम्पवर पाठवायचे. ज्याचे काम सर्वांत कमी पडले तो घरी जातो.

शेवटी तीन-चार जण उरतात आणि मग अंतिम फेरी येते. या फेरीसाठी प्रत्येकाला सारखीच रक्कम मिळते. सुरुवातीच्या पर्वांत ती आठ हजार डॉलर होती. घरी जा, काही महिन्यांत दहा-बारा पोशाखांचे कलेक्शन तयार करा आणि घेऊन या, एवढेच सांगितले जाते. मध्ये एकदा टिम गन प्रत्येकाच्या घरी जाऊन काम पाहत असत. त्यानंतर न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये, म्हणजे २०१० च्या सुरुवातीपर्यंत ब्रायंट पार्कच्या मांडवात आणि पुढे काही वर्षे लिंकन सेंटरमध्ये, जाणकारांसमोर ते कलेक्शन सादर होत असे. सगळे पोशाख चालून गेले की शेवटी पडद्यामागून एक माणूस बाहेर येतो. बऱ्याचदा साध्या कपड्यात, रात्रीच्या जागरणाने डोळे सुजलेला, कधी रडवेला. हे सगळे ज्याच्या हातून घडले तो माणूस! लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.

हे हातांचे काम तिथे किती गंभीरपणे घेतले जाते, हे २००६ च्या तिसऱ्या पर्वात दिसले. जेफ्री सेबेलिया या स्पर्धकाचे कपडे इतके सफाईदार होते की त्याने बाहेरच्यांकडून शिवून घेतले असावेत, असा आक्षेप एका सहस्पर्धक स्त्रीने घेतला. चौकशी झाली. खर्चाच्या पावत्या तपासल्या गेल्या. बाहेरून शिवून घेतल्याचा आरोप टिकला नाही, पण खर्च ठरल्या रकमेच्या वर गेल्याचे निघाले आणि त्याला आपल्या मॉडेल्सचे केसांचे टोप काढून टाकावे लागले. पुढे तो जिंकलाही. नियम सर्वांना सारखा असेल तर निकालावर कोणी बोट ठेवू शकत नाही, हा साधा धडा इथे आहे.

संधी आधी, गुणवत्ता नंतर

माझ्या मते या कार्यक्रमाचे सार अंतिम फेरीत आहे, दर आठवड्याच्या धावपळीत नाही. एका दिवसात झगा शिवायला लावले की दिसतो तो फक्त वेग आणि घबराटीत टिकून राहण्याची ताकद. कोणाचा हात मशीनवर आधीच बसलेला असतो, तो तरतो. कोणाला आखणी करून काम करायची सवय असते, तो मागे पडतो. पण त्याच माणसाला चार पैसे द्या, काही महिने द्या, स्वतःच्या मनाचे काम करायची मोकळीक द्या आणि मग पाहा. आठवड्याच्या कामांत चाचपडणारे स्पर्धक अंतिम कलेक्शनमध्ये असे काही करून दाखवतात की परीक्षकही चकित होतात. उलट दर आठवड्याला शाबासकी मिळवणारे कधी कधी तिथे फिके पडतात. माणूस तोच, हात तेच. मग बदलले काय? वेळ, साधन आणि मोकळीक.

आपल्याकडे मेरिटचा डंका पिटणाऱ्यांना हेच तर कधी दिसत नाही. तीन तासांच्या पेपरात पडलेले गुण म्हणजे माणसाची अंतिम किंमत, असे ते धरून चालतात. त्या तीन तासांमागे कोणाच्या पिढ्यान्पिढ्यांचे शिक्षण उभे होते आणि कोणाची पहिलीच पिढी शाळेत आली होती, याचा हिशेब ते मांडत नाहीत. 'प्रोजेक्ट रनवे'चा अंतिम भाग हा हिशेब नकळत मांडून दाखवतो. संधी मिळाल्यावरच गुणवत्ता दिसते. संधी द्यायच्या आधी गुणवत्तेचा दाखला मागणे ही लबाडी आहे.

दुसऱ्या पर्वाची विजेती क्लोई डाओ पाहा. जन्म लाओसमधला, आईवडील व्हिएतनामी. आठ बहिणींतली ही एक. घर सोडून पळावे लागले, निर्वासितांच्या छावणीत दिवस काढावे लागले आणि पुढे अमेरिकेत ह्यूस्टनला बस्तान बसवावे लागले. २००६ साली तिच्या अंतिम कलेक्शनमध्ये आक्रस्ताळेपणा नव्हता. नीट बेतलेले, नेमक्या जागी चुण्या घेतलेले, बाईच्या अंगावर खुलणारे कपडे होते. प्रेक्षकांच्या चर्चेत दुसरी नावे पुढे होती. जिंकली ती.

२०१३ चे बारावे पर्व घ्या. फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय तरुणी डॉम स्ट्रीटर हिने रंगीत छापील कापडाच्या जोरावर विजेतेपद मिळवले. त्याच फेरीत जस्टिन लब्लां हा कर्णबधिर स्पर्धक होता. थ्रीडी प्रिंटरवर घडवलेले भाग त्याने कपड्यांच्या जोडीला रॅम्पवर आणले. २०१७ च्या सोळाव्या पर्वात अयाना इफे ही कृष्णवर्णीय मुस्लिम तरुणी अंतिम फेरीत पोहोचली आणि अंग झाकणारे, डोके झाकणारे पोशाख घेऊन न्यूयॉर्कच्या रॅम्पवर उभी राहिली. कमीत कमी कापड म्हणजे जास्तीत जास्त फॅशन, असे मानणाऱ्या दुनियेसमोर तिने आपल्या श्रद्धेचा कपडा कलेच्या पातळीवर नेऊन ठेवला. या सगळ्यांना कोणी दान दिले नव्हते. सारखे पैसे, सारखी मुदत आणि एक दार उघडे, एवढेच मिळाले होते.

ज्यांना रॅम्प मिळाला नाही

आता प्रश्न असा, की दार उघडण्याआधी हे हात कुठे होते? ते शिवतच होते. अमेरिकेचा पेहराव कृष्णवर्णीयांच्या हातांनी शिवला आणि नाव मात्र दुसऱ्यांचे झाले.

कपडा हा कधीच नुसता कपडा नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दक्षिण कॅरोलिनाच्या वसाहतीने १७४० साली केलेल्या कायद्यात गुलामांनी कोणते कापड वापरावे याची यादीच होती. जाडेभरडे, हलक्या प्रतीचे कापडच त्यांनी अंगावर घालायचे. त्याच्या वरचे दिसले तर काढून घेण्याची मुभा होती. दागिने, वस्त्र, चोळी यांवरची आपल्या बापजाद्यांवरची बंदी आठवते ना? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले, ते याच कारणाने. अंगावरच्या कपड्यातून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती.

त्या व्यवस्थेत एलिझाबेथ केक्ली ही गुलाम स्त्री शिवणकाम करत होती. तिने १८५५ साली बाराशे डॉलर भरून स्वतःचे आणि मुलाचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवू लागली. १८६८ साली तिने आपले आत्मकथन छापले. त्याच्या नावाचा अर्थच 'पडद्यामागे' असा होतो. याहून नेमके नाव कोणते असणार?

तिच्यानंतर अ‍ॅन लो. अलाबामात जन्मलेली, गुलामीतून आलेल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची वारसदार. १९१७ साली ती न्यूयॉर्कला डिझाइन शिकायला गेली, तेव्हा गोऱ्या विद्यार्थिनींच्या वर्गात तिला बसू दिले नाही. वेगळ्या खोलीत एकटीने काम करायचे. पण तिचे काम मात्र वर्गात नमुना म्हणून दाखवले जाई! वर्गाबाहेर बसवलेल्या आपल्या पोरांची आठवण इथे कोणाला होणार नाही? १९५३ साली जॅकलिन बूव्हिए हिचे जॉन केनेडींशी लग्न झाले. तो गाजलेला लग्नाचा पोशाख अ‍ॅन लोने शिवला. लग्नाच्या दहा दिवस आधी तिच्या कारखान्यात पाण्याची नळी फुटली आणि वधूच्या पोशाखासह बरेच कपडे नासले. तिने रात्रंदिवस खपून ते पुन्हा शिवले आणि तोटा स्वतः सोसला. वर्तमानपत्रांनी त्या पोशाखाची रसभरीत वर्णने छापली. बहुतेकांनी शिवणारीचे नाव छापले नाही.

कला होती, कष्ट होते, वक्तशीरपणा होता. नव्हता तो फक्त शेवटी रॅम्पवर येऊन उभे राहण्याचा हक्क. म्हणून 'प्रोजेक्ट रनवे'च्या अंतिम भागात डॉम स्ट्रीटर पडद्यामागून बाहेर येते, तेव्हा मला त्या दहा-बारा पोशाखांइतकेच महत्त्वाचे तिचे ते चार पावले चालणे वाटते.

अभिरुचीचा तराजू कोणाच्या हातात?

पण म्हणून सगळे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. पैसे सारखे दिले, मुदत सारखी दिली, तरी तराजू कोणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच. या कार्यक्रमात एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो : टेस्ट. म्हणजे अभिरुची. शिवण चांगली आहे, कल्पना चांगली आहे, पण टेस्ट कमी पडते! शिवण उसवली तर बोट ठेवून दाखवता येते. टेस्ट कुठे उसवली, हे कसे दाखवणार? ज्याच्या हाती खुर्ची, त्याची अभिरुची.

२०१० चे आठवे पर्व यासाठी आठवणीने पाहावे. डेन्व्हरचा मॉन्डो गेरा हा मेक्सिकन वंशाचा तरुण. एका फेरीत स्पर्धकांना स्वतःचे कापड डिझाइन करायला सांगितले होते. त्याने अधिकच्या चिन्हांची नक्षी काढली. त्यामागची गोष्ट काय, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितले, की आपण दहा वर्षांपासून एचआयव्ही पॉझिटिव्ह आहोत. जे घरच्यांपासूनही लपवले होते, ते त्याने रॅम्पवर उभे राहून सांगितले. अंतिम फेरीत त्याचे कलेक्शन रंगांनी, ठिपक्यांनी, पट्ट्यांनी ओसंडून वाहत होते. त्याच्या मेक्सिकन मुळांचा उत्सवच तो. समोर होती पोर्टलंडची ग्रेचन जोन्स. मातकट, शांत, सैलसर कपडे. परीक्षकांत दोन तट पडले. क्लम आणि पाहुणी परीक्षक जेसिका सिम्पसन मॉन्डोच्या बाजूने. कोर्स आणि गार्सिया ग्रेचनच्या बाजूने. बराच वेळ वाद चालला आणि ग्रेचन जिंकली. असंख्य प्रेक्षकांना तो निकाल पटला नाही. पुढे जुन्या स्पर्धकांची 'ऑल स्टार्स' स्पर्धा झाली, तिच्या पहिल्याच पर्वात, २०१२ साली, मॉन्डो विजेता ठरला.

ग्रेचनचे काम वाईट होते असे माझे म्हणणे नाही. कापड निवडण्याची तिची दृष्टी नक्कीच होती. प्रश्न असा आहे, की मातकट रंग म्हणजे संयम आणि भडक रंग म्हणजे गावंढळपणा, हे कोणी ठरवले? आपल्या वस्तीतल्या लग्नाच्या मांडवाला, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीला, आपल्या शाहिरांच्या आवाजाला 'भडक' म्हणणारेही हेच लोक असतात. अभिरुची ही काही आभाळातून पडत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सत्ता नांदली त्यांच्या सवयींना अभिरुची म्हणतात. बाकीच्यांच्या सवयींना नुसत्या सवयी.

जिंकले की 'प्रतीक' म्हणायचे

याहूनही बोलका प्रसंग पुढे घडला. २०१५ च्या चौदाव्या पर्वात कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगोची अ‍ॅश्ली नेल टिप्टन जिंकली. तिच्या कलेक्शनमधले सगळे पोशाख जाड अंगाच्या स्त्रियांसाठी होते. असे कलेक्शन या स्पर्धेत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. स्थूल स्त्रियांसाठी फॅशनचे दार इतके बंद होते, की तेरा पर्वे उलटल्यावर ते किलकिले झाले.

त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये टिम गन यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये एक लेख लिहिला. अमेरिकेतली सरासरी स्त्री सोळा ते अठरा मापाचे कपडे घालते, तरी डिझायनर तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे त्यांनी खडसावून सांगितले. इथवर त्यांचे अभिनंदनच करायला हवे. पण त्याच लेखात त्यांनी टिप्टनच्या विजयावर ताशेरे ओढले. तो विजय नाममात्र प्रतिनिधित्वाचा होता, एका परीक्षकाने आपण प्रतीकाला मत देत असल्याचे आपल्याला सांगितले, आणि कपडे तर आपल्याला मुळीच आवडले नव्हते, असे त्यांनी लिहिले.

वाचकहो, हे शब्द ओळखीचे वाटतात ना? आपला मुलगा डॉक्टर झाला, आपली मुलगी कलेक्टर झाली, की नेमके हेच कानावर येते. "कोट्यातून आली असेल." तेरा पर्वांत बारीक अंगाच्या मॉडेल्सवर बेतलेली कलेक्शन्स जिंकत आली. त्यांतली सगळी काय अजोड होती? त्यांतल्या एखाद्या विजयाला 'बारीक बायकांचे प्रतीक' असे कोणी म्हटले का? ज्यांची नेहमीचीच सत्ता, त्यांचा विजय म्हणजे गुणवत्ता. जो पहिल्यांदा आत आला, त्याचा विजय म्हणजे दया. शंका नेहमी एकाच बाजूला घेतली जाते.

पण गन यांच्या म्हणण्यात आपल्या कामाची एक गोष्टही आहे, ती टाळून चालणार नाही. जाड स्त्रियांचे कपडे हे 'त्यांच्यापुरते बरे' असून भागणार नाही, कोणत्याही स्त्रीला हवेसे वाटतील असे ते असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. तो बरोबर आहे. वगळलेल्या माणसाला उत्तमाहून कमी देऊन समाधान मानायला लावणे, हाही वगळण्याचाच एक प्रकार आहे. 'तुमच्या मानाने चांगले लिहिता' अशी शाबासकी आपल्या लेखकांनी कमी का ऐकली आहे? आपल्याला असली शाबासकी नको. दार पूर्ण उघडा आणि मग हवी तेवढी कठोर पारख करा. पण आधी दार!

आणि दार उघडल्यावर बदलही होतो, हे याच कार्यक्रमाने दाखवले. २०१७ च्या पर्वात शून्य ते बावीस अशा सर्व मापांच्या मॉडेल्स घेतल्या गेल्या. स्पर्धकांना एकाच मापाच्या पुतळ्यावर न बेतता खऱ्या शरीरांवर बेतावे लागले. २००८ साली अवघ्या बाविशीत चौथे पर्व जिंकणारा ख्रिश्चन सिरियानो याची वाटचाल बघा. २०१६ साली लेस्ली जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला आपल्या सिनेमाच्या पहिल्या खेळासाठी पोशाख करून द्यायला कोणी डिझायनर तयार होईना. तिने ते जाहीरपणे सांगितले. सिरियानो पुढे आला आणि लाल पोशाखात ती दिमाखात गेली. त्याच वर्षी मिशेल ओबामा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात भाषण केले तेव्हा त्यांच्या अंगावरचा निळा पोशाखही त्याचाच होता. २०१९ पासून टिम गन यांच्या जागी हाच सिरियानो स्पर्धकांना मार्गदर्शन करू लागला आणि परीक्षकांच्या खुर्चीत इलेन वेल्टरॉथ ही कृष्णवर्णीय संपादिका बसली. तरीही या मूळ स्पर्धेत कृष्णवर्णीय पुरुष विजेता व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. तो बाल्टिमोरचा बिश्मी क्रोमार्टी.

परीक्षकाच्या खुर्चीत कोण बसते याने काय फरक पडतो, हे २०२० च्या 'नेक्स्ट इन फॅशन' या अशाच दुसऱ्या स्पर्धेने दाखवले. रस्त्यावरच्या तरुणांच्या पेहरावाची, म्हणजे स्ट्रीटवेअरची फेरी होती. या शैलीत कृष्णवर्णीय तरुणांचा मोठा वाटा. नेमकी त्याच फेरीत दोन कृष्णवर्णीय स्त्रियांची जोडी बाद होण्याच्या बेतात होती. पाहुणा परीक्षक केर्बी जाँ-रेमाँ स्वतः कृष्णवर्णीय डिझायनर. त्याला ते मान्य होईना, तो उठून गेला. शेवटी त्या फेरीत कोणालाच बाद केले गेले नाही. एक माणूस खुर्चीत होता म्हणून! प्रतिनिधित्व, प्रतिनिधित्व म्हणून आपण कंठशोष करतो, तो उगाच नाही.

मालकी कोणाची?

जिंकल्यावरही एक गोष्ट उरते. पहिल्या पर्वाचा विजेता जे मॅकॅरोल. २००५ साली त्याला एक लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. ते त्याने घेतले नाही. बक्षिसाच्या करारात त्याच्या पुढच्या व्यवसायातल्या दहा टक्के हिश्श्याची अट होती. आज एक लाख घ्या आणि जन्मभराच्या कष्टातला वाटा लिहून द्या, हा सौदा त्याने नाकारला. सावकाराच्या वहीत अंगठा उमटवून पिढ्या गहाण पडलेल्या समाजाला याचा अर्थ फोड करून सांगायची गरज नाही. कौशल्य आपले असेल तर कागद वाचायला शिकले पाहिजे. शिक्षणाचा एक उपयोग हाही आहे.

शेवटची गोष्ट टाळ्यांच्या आवाजात बुडून जाते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. कार्यक्रमाचे प्रसारण अर्धे झालेले असतानाच फॅशन वीक येत असे. अंतिम फेरीत कोण आहे हे फुटू नये म्हणून काही पर्वांत आधीच बाद झालेल्या स्पर्धकांनाही पूर्ण कलेक्शन करून रॅम्पवर दाखवायला लावले गेले. त्यांनी कपडे शिवले, जागरणे केली, मॉडेल चालल्या. निकालात मात्र ते नव्हते. कष्ट खरे, स्पर्धा खोटी! रॅम्पवर येऊनही न दिसणारी माणसे ती हीच.

आणि रॅम्पवर कधीच न येणारी तर कोट्यवधी आहेत. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या पर्वांत स्पर्धक ज्या पार्सन्सच्या इमारतीत शिवत बसायचे, ती न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर होती. तिच्या जवळच शिलाई मशीनवर वाकलेल्या एका कामगाराचा पुतळा आहे. ज्युडिथ वेलर या शिल्पकार स्त्रीने घडवलेला तो पुतळा या भागातल्या शिवणकामगारांच्या स्मरणार्थ उभा आहे. याच शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुण मुली होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबासाहेब याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. शंभर वर्षे उलटली. कारखाने तिथून उठले आणि स्वस्त हातांच्या शोधात आपल्या बाजूला आले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती जगातल्या नामांकित ब्रँडचे कपडे शिवत होती. भिंतींना तडे गेलेले दिसत असतानाही त्यांना कामावर बोलावले गेले होते.

म्हणून मुलींनो, मुलांनो, हा कार्यक्रम जरूर पाहा. मशीनवर हात चालवा, बेतायला शिका, डिझाइनच्या महाविद्यालयांचे अर्ज भरा. हे क्षेत्र आपले नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. सुई-दोरा हाती धरणारे हात आपलेच होते आणि आहेत. तुमच्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, तिच्या टाक्यांतही रंगांची जाण होती. तिला परीक्षक मिळाला नाही एवढेच. पण अंतिम भाग पाहताना तीन गोष्टी विचारत चला. सगळ्यांना सारखे मिळाले का? तराजू कोणाच्या हाती आहे? आणि ज्यांनी शिवले, त्यांतले किती जण शेवटी पडद्याबाहेर आले?

जो समाज शिवणाऱ्याचे नाव कपड्यावर लिहू देत नाही, त्याने गुणवत्तेच्या गप्पा मारू नयेत. आणि ज्याचे नाव आज कपड्यावर आले आहे, त्याने अजून मशीनवर वाकून बसलेल्या आपल्या माणसांना विसरू नये. रॅम्पवर येणे हा आपला हक्क आहे. तिथे आल्यावर मागे वळून पडदा उचलून धरणे, हे आपले काम आहे.